कवळीवाल्यांची बाजू

"या संस्कृतीचा पाया खचलाय! वरचा डोलारा तेवढा उभा दिसतोय, आणि तोही आपल्या डोळ्यांदेखत कोसळणार आहे!"

कवळीवाल्यांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांचा डावा हात आकाशाकडे होता आणि उजव्या हातात चर्चच्या पाळकांच्या सासूबाईंचे वरचे दात होते. हे दात खालच्यांवर टेकताना खटखट वाजतात आणि प्रार्थनेत शेजारच्या बाईचं लक्ष उडतं, अशी तक्रार होती. कवळीवाले ते घासून देत होते.

सासूबाई ऐकत होत्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कवळीवाल्यांच्या दुकानात आलेल्या माणसाला त्यांच्याशी वाद घालता येत नसे. वादासाठी तोंडात दात लागतात, आणि ते त्या वेळी कवळीवाल्यांच्या हातात असत. त्यामुळे आपली मतं सगळ्यांना पटतात असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज झाला होता.

"घटस्फोट म्हणजे तर हल्ली—" ते म्हणाले आणि थांबले. घासायचं यंत्र चालूच राहिलं.

सासूबाईंनी हात पुढे केला, दात घेतले, बसवले, जीभ फिरवून पाहिली आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं विचारून टाकलं, "तुमच्या पोरीचं लग्न शनिवारी आहे ना हो?"

"नोंदणी आहे."

"तेच ते. जाणार ना?"

"शनिवारी कामं आहेत."

"कुणाची?"

"तुमचीच. खालची कवळीही नवी करून टाकतो."

"माझी खालची छान आहे. तिला कशाला मधे ओढता?" सासूबाई म्हणाल्या आणि खटखट न करता निघून गेल्या.

चर्चच्या मंडळीने निवडलेल्या वडीलजनांत कवळीवाले सर्वांत जुने. महिन्यातून एकदा उपासनेनंतर ते 'आजचा काळ आणि आपण' या विषयावर बोलत. काळ दर महिन्याला थोडा थोडा बिघडत असल्याने त्यांना विषयाची वाण पडली नाही. मोबाइल, सिनेमे, जाहिरातींतल्या बायका, लग्नावाचून एकत्र राहणारी मुलं, लॉटरी, रविवारी उघडी असणारी दुकानं, सगळ्यांना त्यांनी आळीपाळीने फैलावर घेतलं होतं. यात ढोंग मात्र जराही नव्हतं. घरातला टीव्ही त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला होता आणि तेव्हापासून भिंतीपलीकडून सगळ्या मालिका चित्रावाचून ऐकत होते. रविवारी ते दुकानाचं कुलूप काढत नसत. एका गृहस्थाची कवळी ऐन शनिवारी रात्री मोडली, तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी मुलाच्या लग्नात नुसत्या सुपावर वेळ भागवली. कवळीवाले त्या लग्नाला हजर होते. त्यांनीही सूपच घेतलं. तेवढा न्याय त्यांच्याकडे होता.

पहिला नवरा किंवा बायको जिवंत असताना जो दुसरं लग्न करील त्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही, हा मंडळीचा नियमही त्यांनीच मांडलेला. अशा माणसाला चर्चमधून हाकलायचं नाही, टाळायचंही नाही. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांची थाळी रांगेतून हातोहात फिरते, ती त्याच्याही हाती द्यायची. त्याने ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि पेला न उचलता पुढच्याला द्यायची. यात दया आहे असं कवळीवाल्यांचं म्हणणं होतं. बैठकीत सगळ्यांनी हात वर केले होते, पाळकांनी सर्वांत शेवटी. बेकरीत काम करणाऱ्या एका बाईने काही महिने अशी थाळी पुढे दिली. मग ती दिसेनाशी झाली. कुणी चौकशी केली नाही, कारण तिला हाकललेलं नव्हतं.

आता मुलीची पाळी आली होती.

मुलगी ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या गाडीला तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि बापाचा कामातला शांतपणा तिच्यात उतरला होता तो सगळा त्या ब्रेकपाशी कामी यायचा. पहिला नवरा कवळीवाल्यांनीच पसंत केलेला. चर्चच्या गायकवृंदात गायचा, आवाज असा की म्हाताऱ्या डोळे पुसत. रविवारी गायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत तोंड उघडायचा नाही. मीठ हवं असलं तर मिठाकडे बघायचा. अनेक वर्षं मिठाकडे बघणारा माणूस बघून एके दिवशी तिने बॅग भरली.

गुरुवारी संध्याकाळी ती दुकानात आली. कवळीवाले मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवत होते.

"बसा," ते म्हणाले. ते रागावले की मुलीशी सुरुवात अहोजाहोने करत.

"बसते. पप्पा, शनिवारचं विचारायला नाही आले. तुम्ही येणार नाही, माहितेय मला."

"त्याने मारलं का तुला?" त्यांनी दातावरून नजर न काढता विचारलं. हे त्यांनी आधीही विचारलं होतं.

"नाही."

"पीत होता? बाई ठेवली होती?"

"नाही हो. बोलत नव्हता."

"न बोलणं हे कारण शास्त्रात नाही."

"नाहीये. मी शोधलं."

कवळीवाल्यांनी मान वर केली. ती नुसतं उलटून बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने शोधलं होतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आणि हा?" त्यांनी विचारलं. हा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, बायको वारलेला, पलीकडच्या चर्चमध्ये जाणारा.

"हा बोलतो. लिफ्टशीपण बोलतो. काल दोन मजल्यांच्या मधे एक लिफ्ट अडकली, तर तिला म्हणे, 'अगं, असं मधेच काय रुसायचं?'"

कवळीवाल्यांना हसू आलं असतं. ते आलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी त्यांच्यापर्यंत यायच्या आणि दारातूनच परत जायच्या.

"रविवारी आम्ही दोघं चर्चला येऊ," मुलगी म्हणाली.

"प्रभुभोजनाचा रविवार आहे."

"हो."

"त्याच्या चर्चला जा. तिथे चालतं सगळं."

"तिथे माझं कोण आहे? माझा बाप्तिस्मा इथला, मम्मीला शेवटचं इथूनच नेलं. थाळी पुढे देईन ना मी. मला येतं."

"डावीकडे बसू नकोस," ते म्हणाले. डावी बाजू त्यांची. तिकडच्या रांगांना पेल्यांची थाळी तेच देत.

"मी लहानपणापासून डावीकडेच बसते, पप्पा." ती उठली. दाराशी जाऊन तिने विचारलं, "जेवलात का?"

"हो."

ते जेवले नव्हते. खोटं बोलणं हाही 'आजचा काळ आणि आपण'मधला एक विषय होता.

शुक्रवारी पाळक स्वतः आले. भला माणूस. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ते उपदेशात सैतानाचं नावसुद्धा हळू आवाजात घेत.

"मी काय म्हणतो," पाळक म्हणाले, "नियम काय, माणसांनीच केलेला. बैठक बोलावू. तुम्ही एक शब्द टाका, सगळे हो म्हणतील. सगळ्यांना सुटल्यासारखं होईल, खरं सांगतो."

"बेकरीतल्या बाईच्या वेळी का नाही बोलावली?"

पाळक टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघू लागले. तेही त्यांच्याकडे बघत होते.

"माझ्या मुलीसाठी बदलला," कवळीवाले म्हणाले, "तर तो नियम नव्हताच. लोकांच्या मुलींना दाबायचं एक साधन होतं. आणि लग्न मोडत नाही असं मी मानतो, साहेब. आजही मानतो. हिच्या लग्नाच्या दिवशीही मानत होतो, आता सोयीचं नाही म्हणून सोडू?"

"मग रविवारी निदान थाळी दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुम्ही उजवी बाजू घ्या."

"माझी बाजू डावी आहे."

पाळक उठले. जाताना त्यांनी कवळीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कवळीवाल्यांनी तो हात तिथे आहे याची नोंद घेतली, इतकंच.

शनिवारी त्यांनी दिवसभर काम केलं. बाहेर कुठेतरी नोंदणी कार्यालयात मुलगी सही करत असेल, आणि साक्षीदार म्हणून कोण उभं असेल, ड्रायव्हिंग शिकायला येणारी एखादी बाई बहुतेक. स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ करताना बोट पोळलं तेव्हा ते त्यांना वासावरून कळलं. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग आपला गाल आपला असून आपला वाटत नाही. माणूस ओठ चावतो आणि रक्त दिसल्यावर त्याला समजतं. कवळीवाल्यांना ती सुई कुठेतरी आत दिलेली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. संध्याकाळी पुरी झालेली कवळी उजेडात धरली, तर डाव्या बाजूचे सुळे-दाढा उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवले होते. उभ्या आयुष्यात अशी चूक झाली नव्हती. त्यांनी मेण वितळवलं, दात सोडवून बशीत काढले आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतले. भिंतीपलीकडच्या मालिकेत कुणाचं तरी लग्न लागत होतं. टाळ्या वाजल्या.

रविवारी चर्च जरा जास्तच भरलं. महिनोन् महिने गुडघेदुखीने घरी असलेली माणसंही आली. गुडघ्यांना असे चमत्कार अधूनमधून होतात.

मुलगी डावीकडे रांगेच्या टोकाला, मधल्या वाटेला लागून बसली होती, डोक्यावरून घेतलेला लांब स्कार्फ बाजूने खाली सोडलेला. तिच्या पलीकडे नवा जावई, त्याच्या पलीकडे पाळकांच्या सासूबाई. जावयाने नवा शर्ट घातला होता, घड्या मोडल्या नव्हत्या. तो सासूबाईंशी काहीतरी कुजबुजला आणि सासूबाई चक्क हसल्या. मग त्यांनी आजूबाजूला बघून तोंड मिटलं.

उपदेश झाला. भाकरीची थाळी घेऊन दुसरे वडीलजन आधी फिरले. मुलीने ती घेतली आणि पुढे दिली. मग ऑर्गन सुरू झाला आणि कवळीवाले पेल्यांची थाळी घेऊन डाव्या बाजूने निघाले. पहिली रांग. दुसरी. थाळी आत जायची, हातोहात फिरून टोकाला परत यायची, ते ती घ्यायचे आणि एक पाऊल मागे सरकायचे. ही चाल त्यांच्या पायांना पाठ होती.

मुलीच्या रांगेशी ते आले आणि थाळी पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. मान खाली घातली नाही, वरही केली नाही. पेले किंचितही हलले नाहीत. अडखळत्या गाडीत बसून बसून तिचे हात तयार झाले होते. तिने थाळी नवऱ्याला दिली. त्याला बहुधा घरी समजावलेलं असावं, कारण त्याने ती जपून धरली, जणू आत विजेच्या तारा आहेत, आणि सासूबाईंकडे दिली. सासूबाईंनी पेला उचलला. कवळीवाल्यांकडे पाहिलं. मग उचललेला पेला पुन्हा थाळीत ठेवला आणि थाळी पुढे दिली.

असं कुणी कधी केलं नव्हतं. नियमात त्याला उत्तर नव्हतं.

थाळी रांगेच्या भिंतीकडच्या टोकाला जाऊन परत फिरली. सासूबाई, जावई, मुलगी. मुलीने ती बापापुढे धरली.

कवळीवाल्यांनी ती घेतली नाही.

त्यांना काही ठरवायचं नव्हतं. जे ठरवायचं ते ठरलेलं होतं, आणि ते बरोबर होतं असं त्यांना अजूनही वाटत होतं. थाळी घ्यायची, एक पाऊल मागे सरकायचं, पुढची रांग. फक्त हात वर येत नव्हते. त्यांनी हातांकडे पाहिलं. ते तिथे होते, कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेले, एका बोटावर पोळल्याचा डाग.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईने कडवं संपवलं, वर पाहिलं, आणि तेच कडवं पुन्हा धरलं. मागच्या रांगांतून माना लांब झाल्या. पाळक वेदीपाशी खाकरले, तेही हळू. कवळीवाले आता काहीतरी बोलणार हे सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीवर बोललेला माणूस, याच्यावर बोलणार नाही असं कसं होईल? कवळीवाल्यांनाही तसंच वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलं. 'मंडळी' या शब्दाचा 'म' ओठांवर जमवला.

मुलगी थाळी तशीच धरून किंचित पुढे वाकली.

"पप्पा, पाय उचला ना जरा," ती अगदी हळू म्हणाली. "माझ्या स्कार्फवर उभे आहात."