डाव्या बाजूचा सेन्सर

झेंडा पळवायच्या स्पर्धेसाठी दादाने रोबोट बनवायला घेतला आणि काम अर्ध्यावर असतानाच तो गेला. उरलेलं काम धाकटीने हट्टाने तडीस नेलं. दादाच्या प्रोग्रामला हात लावायचा मात्र तिला धीर झाला नाही.

स्पर्धेत रोबोटने झपाट्याने झेंडा उचलला आणि रिंगणाच्या मधोमध ठाण मांडलं. समोरच्या संघातली पोरं फिदीफिदी हसली. धाकटीने कपाळावर हात मारला. घरी सराव करताना दादा कुबडी टेकत रोबोटच्या डावीकडून चालायचा. "झेंडा उचलला की मी बाजूला आल्याशिवाय हलायचं नाही, कळलं का ठोंब्या?" असं दटावायचा, आणि तसंच त्याने प्रोग्राममध्ये लिहिलं होतं. ती ओळ तशीच राहिली होती.

रिंगणात माणसांना बंदी होती. डावीकडे चिटपाखरूही नव्हतं.

"संपलं सगळं," ती बाबांना म्हणाली.

तेवढ्यात डाव्या सेन्सरचा हिरवा दिवा लागला. रोबोट निघाला, पण धावत नाही. पाऊलभर जायचा, थांबायचा, पुन्हा पाऊलभर जायचा.

बाबा कठड्यावरून वाकले.

"सावकाश ये रे बाळा," ते म्हणाले, "घाई नाही."