रबरी बुटाचं अनुदान

गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकघरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खालून ऊब दिलेल्या जमिनीवर अख्खं गाव मांडीला मांडी लावून बसलेलं, मधोमध पांढऱ्या झग्यातला चॉनमुन बाबा. भातशेतीचं सरकारी अनुदान यंदा अजून कोणालाच मिळालं नव्हतं. ते कोणाला मिळणार हे म्हणे बाबाला आधीच कळायचं. विचारणाऱ्याच्या बँकेच्या पुस्तकावर तो अरुंद गळ्याची बरणी ठेवायचा, तांदळाने भरायचा आणि मंत्र म्हणत लोखंडी चमचा दांड्याकडून आत पुन्हा पुन्हा खुपसायचा. मग चमचा वर उचलला की सगळी बरणी अधांतरी, म्हणजे अनुदान नक्की.

लोकांच्या अंगावर काटा यायचा. त्यांच्या रीतीप्रमाणे भातात उभा चमचा खोचायचा तो फक्त मेलेल्यांच्या पानावर. म्हणजे आतून चमचा धरलाय तो पूर्वजांनीच, यात शंका कसली?

बुनरे आजीची सून मी-सॉन हिने पुस्तक पुढे केलं. बाबा घाईघाईने दोन शब्द पुटपुटला. चमचा सुळकन बाहेर आला, बरणी जागच्या जागी.

"सासरे रागावलेत. अनुदान अडलं," बाबा म्हणाला. "मोठी पूजा लागेल. गोठ्यात वासरू आहे ना?"

होतं, एकुलतं एक. मी-सॉनने तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला आणि टेम्पो घेऊन यायला सांगितलं.

"रागावून चमचा सोडला होय माझ्या नवऱ्याने?" बुनरे आजी म्हणाली. "घर पेटलं तरी ताटावरून न उठणारा माणूस तो."

लोक खुसखुसले. "आई, थट्टा नको," सून कुजबुजली.

पण आजी मघापासून बाबाचा हात बघत होती. ती उठून पुढे आली. "सरका बाबामहाराज, मी बघते."

"तुमच्या हाताला पूर्वज येणार नाहीत, आजी."

"न यायला काय झालं? जन्मभर याच हातचं खाऊन नावं ठेवली त्यांनी. सरपंच, दारातला माझा बूट दे बघू."

चिखलाने माखलेला रबरी बूट तिने आडवा पाडला, वर बरणी टेकवली आणि तांदूळ नव्याने भरले. "मुळा, मिरची, लसूण, आलं," असा मंत्र म्हणत ती चमचा खुपसत राहिली. तांदूळ खाली बसले; तिने मूठभर आणखी घातले, पुन्हा खुपसत राहिली. मग चमचा उचलला. बरणी वर.

"माझ्या बुटाला अनुदान मंजूर," आजी म्हणाली. "अरे, तांदूळ सुटे असले की चमचा निसटतो. खुपसत राहिलं की दाणे दबून बसतात आणि चमच्याला, बरणीला आवळून धरतात. दक्षिणेचं पाकीट जाड तर मंत्र लांब, मंत्र लांब तर खुपसणं जास्त. माझी सून रिकाम्या हाताने आली, एवढंच."

"मग अनुदान, आई?"

"उन्हाळ्यात कचेरीची माणसं बांधावर येऊन काय बघून गेली? तुझा भात की तुझा सासरा?"

सरपंच खाकरला. "यंदा सगळ्यांचंच लांबलंय. कचेरीने मला कळवलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मीही पाकीट देऊन बसलो होतो, आजी."

यावर पिकलेल्या हशात बाबा बरणी तिथेच टाकून सटकला. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. मी-सॉन दारात गेली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "परत न्या. वासरू विकायचं नाही."

आजी लोकांकडे वळली. "उद्या दुसरा कोणी येईल, दुसरं काही उचलून दाखवेल. हात जोडायची घाई करू नका. त्याच हातांनी आधी स्वतः करून बघा."