थांबवता येणारा डबा

आमच्या जुन्या सेट-टॉप बॉक्सने एका रविवारी संध्याकाळी मान टाकली, तीही खून झाल्यानंतर आणि खुनी सापडायच्या आधी. पडद्यावर नुसता निळा रंग पसरला. मी रिमोटच्या बॅटऱ्या काढून पुन्हा घातल्या, डब्याला दोन चापट्या मारल्या. माझं तंत्रज्ञान तिथे संपतं. फोन कानाला होताच. धाकटीला म्हटलं, माझा डबा गेला, तू बघ आणि कोण निघतो ते सांग. ती म्हणाली की आमच्याकडेही आत्ताच लाईट गेली बघ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी.

धाकटी म्हणजे माझी बहीण. साठी उलटून गेली तरी मला ती धाकटीच. ती दुसऱ्या शहरात मुलाकडे राहते. मुलगा, सून, दोन नातवंडं, भरलेलं घर. मी आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं, लग्न करायचं राहून गेलं, आणि आता दुकान विकून दोन खोल्यांत बसलोय. मेहुणे गेले तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी फोन कानाला लावून ही खुनाची मालिका एकत्र बघतो. मध्यंतराच्या आधी दोघांनी आपापला खुनी सांगायचा, आणि जो हरेल त्याने पुढच्या रविवारी फोन करायचा. धाकटी तिच्या टीव्हीचा आवाज बंद ठेवते, कारण नातवंडांचा अभ्यास. तू तुझा मोठा ठेव दादा, मला फोनमधून ऐकू येतं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

हे सगळं मी तिच्यासाठी करत होतो, हे इथेच सांगून ठेवतो. नवरा गेलेली बाई, तिला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विरंगुळा द्यायला हवा. मला खुनाबिनाची आवड नाही. तिच्या टीव्हीतून मागे एक सारखी घरघर यायची, तीही मी मुकाट्याने सोसत असे. दोनतीनदा म्हटलंही, अगं तो टीव्ही दाखवून घे कुणाला तरी, एक दिवस फुटेल. ती म्हणायची, बघू.

डबा गेल्यावर मात्र धाकटीने भुणभुण लावली. एरवी आठवड्यात तिचा फोन नसतो, आता रोज. दादा, आणलास का? रविवार कोरडा गेला तेव्हा तर तिचा आवाज असा उतरला, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. तिला माझी किती काळजी, या विचाराने मी सुखावलो, आणि सुखावलो म्हणून तिच्यावर थोडा खेकसलोही.

दुकानातल्या बाईंनी नुसता डबा दाखवलाच नाही. आता सगळे रेकॉर्डरच घेतात म्हणाल्या. दोन होते. लहान रेकॉर्डर मुठीएवढा. त्याला पेन ड्राइव्ह लावायचा आणि एखादा कार्यक्रम त्यात भरून ठेवायचा. मोठा रेकॉर्डर ताटाएवढा. तो एका वेळी दोन चॅनेल रेकॉर्ड करतो, आणि मुख्य म्हणजे चालू कार्यक्रम मध्येच थांबवतो. आपण उठून गेलो तर चित्र तिथेच उभं राहतं, आलो की तिथून पुढे चालू. मी दोन्ही उचलून वजन बघितलं, जणू कलिंगडं घ्यायला आलो होतो.

बाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"मला धरून?"

"हो."

"मग एक."

त्यांनी मोठा रेकॉर्डर हळूच मागे सरकवला. एका माणसाला दोन चॅनेल कशाला, हे त्यांनाही पटलं असावं. मी लहानच घेणार होतो. पण धाकटीला फोन करून विचारलं, तर ती मोठ्यावर अडून बसली. "थांबवता येतो तो घे दादा. मध्येच कुणी हाक मारली तर?"

मला हसू आलं. माझ्या घरात मला कोण हाक मारणार? कुकर तेवढा मारतो, तोही तीन शिट्ट्यांनंतर गप्प. पण तिचं मन मोडवेना. नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल म्हणून मी ताटाएवढा रेकॉर्डर घेऊन घरी आलो. डिशवाल्याने येऊन तो जोडला, दोन उभ्या रेघांचं बटण दाखवलं, आणि हे दाबलं की जग थांबतं म्हणाला. मी म्हटलं, माझं थांबलेलंच आहे, तू फक्त टीव्हीचं बघ.

त्या रविवारी खून एका कारखानदाराचा होता. धाकटीचा संशय भागीदारावर, माझा पुतण्यावर. इन्स्पेक्टर चौकशीला निघाला आणि माझ्या दाराची बेल वाजली. आता बेल वाजते म्हणजे केवढी गोष्ट. मी धाकटीला म्हटलं, दारात कुणीतरी आलंय, आणि दोन रेघांचं बटण दाबलं. दारात पत्ता चुकलेला एक माणूस पाकीट घेऊन उभा होता. त्याला पलीकडच्या इमारतीत जायचं होतं. मी रस्ता सांगितला, मग जवळचा रस्ता सांगितला, मग तिथली लिफ्ट कशी अडकते तेही सांगितलं. बिचारा एक पाय जिन्यावर ठेवून ऐकत होता. शेवटी पळालाच.

परत येऊन मी बटण दाबलं. इन्स्पेक्टर निघाला होता तिथूनच निघाला. फार मजा वाटली. धाकटी फोनवर होतीच, तिने पुन्हा हुंकार द्यायला सुरुवात केली आणि आमचं रीतसर चालू झालं.

आमच्या भिंतीपलीकडचे शेजारीही हीच मालिका बघतात. एरवी त्यांचा टीव्ही आणि माझा एका सुरात बोलतात. पण त्या दिवशी भिंतीतून मालिका संपल्याचं संगीत आलं, मग बातम्यांचं, आणि माझ्या पडद्यावर इन्स्पेक्टर अजून मोलकरणीलाच प्रश्न विचारत होता. मी मागे पडलो होतो, एवढं माझ्याही लक्षात आलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आता त्या भागीदाराला बोलावतील बघ."

मी गार पडलो. तिच्या टीव्हीवर मालिका संपून बातम्या लागल्या असायला हव्या होत्या. माझ्या फोनमधून तिला शिळे संवाद ऐकू येत होते आणि ती त्यांना होकार देत होती. दादा, माझ्याकडे संपलं की, एवढं तरी म्हणायचं. नाही. पुढे पुतण्या पकडला गेला तेव्हा तिने केवढं आश्चर्य दाखवलं, जिंकलास म्हणाली, पुढच्या रविवारी मीच फोन करते म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवला.

इतके खून बघून माणूस थोडं तरी शिकतोच. तिच्यासमोर टीव्ही चालू नव्हता, हे उघड होतं. मग ती दर रविवारी काय करत होती? मी लावलेला निष्कर्ष असा, की भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत ती माझ्या बडबडीला हं हं करत होती. म्हातारा एकटा आहे, बोलू दे बिचाऱ्याला. मी तिला विरंगुळा देतोय असं मी समजत होतो, आणि इकडे ती मला सांभाळून घेत होती. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. कुणी आपल्याला फसवलं तर राग येतो, पण कुणी आपली कीव केली तर त्या रागालाही बसायला जागा मिळत नाही.

मी दुकानात फोन केला. मोठा रेकॉर्डर परत घ्या, लहान द्या, मला काही थांबवायचं नाही. बाई म्हणाल्या, सोमवारी डिशवाला येऊन बदलून देईल. म्हणजे मध्ये एक रविवार राहत होता.

रविवारी ठरल्याप्रमाणे धाकटीने फोन केला. मी ठरवलं होतं, भांडायचं नाही, फक्त पकडायचं. मालिका सुरू झाली. एका हॉटेलच्या खोलीत एक बाई मरून पडली होती. धाकटी नेहमीसारखी गोड बोलत होती, मागे ती घरघर होतीच. इन्स्पेक्टर मॅनेजरला समोर बसवून विचारायला लागला, आणि मी हळूच रिमोट उचलून माझ्या टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर मॅनेजरचे ओठ हलत होते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "दादा, आवाज गेला का रे?"

"तुझ्या टीव्हीवर काय दिसतंय ते सांग."

मागची घरघर एकदम वाढली, थरथरली आणि थांबली. ती थांबण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. टीव्ही असा थांबत नाही. कपडे पिळून झाल्यावर वॉशिंग मशीन असं थांबतं.

"कुठे बसली आहेस तू?"

"मागच्या गॅलरीत. स्टुलावर."

"आणि टीव्ही?"

"हॉलमध्ये. मुलांची मॅच असते रविवारी." मग घाईघाईने म्हणाली, "कुणी मला नाही म्हणत नाही हं. मागितला तर लगेच देतील. पण मागावा लागतो रे."

मी केव्हापासून म्हणून विचारलं. हे गेल्यापासून, ती म्हणाली. पहिल्यापासूनच. तिने ही मालिका एकदाही डोळ्यांनी बघितली नव्हती. इन्स्पेक्टर जाडा की बारीक, हे तिला माहीत नव्हतं. माझ्या फोनमधून येणाऱ्या आवाजावर ती खुनी ओळखायची, आणि माझ्याइतक्याच वेळा जिंकायची. माझा डबा गेला तेव्हा लाईट गेली नव्हती, तिची मालिकाच गेली होती. रोजची भुणभुण माझ्या काळजीपोटी नव्हती. तिला फक्त तेवढाच एक तास होता आणि तो माझ्या घरातून येत होता.

मी तिला विचारलं की सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तू भाच्याला फोन केला असतास. ते खरं होतं. माझा हात तेव्हाही शिवशिवत होता. भाच्याला झापायला माझ्याकडे शब्द तयार होते, पण मग त्या घरात रोज राहायचं तिला होतं, मला नव्हतं. मी आवाज पुन्हा मोठा केला. मॅनेजर रडायला लागला होता.

"जाडा आहे," मी म्हटलं. "इन्स्पेक्टर. पोट सुटलंय. आणि चष्मा घालतो, पण फ्रेम त्याला शोभत नाही."

ती हसली. मला वाटायचा तो बारीक, म्हणाली. मग मी सांगत गेलो: खोलीला हिरवे पडदे आहेत, मेलेल्या बाईच्या एकाच पायात चप्पल आहे, दुसरी खोलीत कुठेच नाही. चप्पल एकच असेल तर ती बाई स्वतः चालत आली नाही, असं ती लगेच म्हणाली. मला सुचलं नव्हतं. समोर बघत असूनही सुचलं नव्हतं.

इन्स्पेक्टर जिना चढून बंद खोलीपाशी गेला. त्याने कडीला हात घातला. तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी हाक मारली. "आई, जरा इकडे येता का?" सुनेचा आवाज, चांगला सरळ आवाज, त्यात वाईट काही नव्हतं.

"तू बघ दादा," धाकटी म्हणाली. "मला नंतर सांग काय झालं ते."

असं ती किती रविवार म्हणाली असेल. आणि मी नंतर दोन वाक्यांत सांगून मोकळा व्हायचो, वर लक्ष कुठे असतं तुझं म्हणून टोमणाही मारायचो. मध्येच कुणी हाक मारली तर? दुकानातून फोन केला तेव्हा तिने हेच विचारलं होतं, आणि मी माझ्या कुकरवर विनोद केला होता.

मी दोन रेघांचं बटण दाबलं.

"जाऊन ये. मी थांबवलंय."

सोमवारी डिशवाला लहान डबा घेऊन आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवला. घरात माणसं वाढली का, त्याने थट्टेने विचारलं. मी हो म्हटलं.

आता रविवारी असंच चालतं. हाक आली की मी थांबवतो. ती फोन स्टुलावर ठेवून जाते, आणि मी कान लावून बसतो. लांबून मॅचचा गलका येतो, भांडी वाजतात, नातू कशासाठी तरी हटून बसलेला असतो. भरल्या घराचा आवाज. माझ्या खोलीत तो ऐकताना मला कधी बरं वाटतं, कधी फार एकटं वाटतं. तिलाही त्या घरात तसंच वाटत असणार. भिंतीपलीकडे मालिका संपते, बातम्या लागतात, शेजारी जेवायला बसतात. इकडे कडीवर हात ठेवून माणूस उभाच.

या यंत्रालाही मर्यादा आहे. फार वेळ थांबवून ठेवलं की त्याचा धीर सुटतो आणि ते आपोआप चालू होतं. परवाच्या भागातही एक बंद दार होतं, तेव्हा तसंच झालं. पाहुणे आले होते तिच्याकडे. दार उघडलं, इन्स्पेक्टर आत गेला, आणि खोलीत काय होतं ते मला दिसणार तेवढ्यात मी डोळे मिटून रिमोट चाचपला, मागे नेलं, आणि पुन्हा त्याला कडीपाशी आणून उभं केलं.

बऱ्याच वेळाने स्टूल करकरलं.

"दादा, आहेस का रे?"

"आहे," मी म्हटलं. "दार अजून उघडलेलं नाही."