पाच मिनिटांचं लोखंड

तिने कागदाची गुंडाळी टेबलावर उलगडली आणि एका टोकावर कुलूप, दुसऱ्यावर डिंकाची बाटली ठेवली. बारा वर्षं गुंडाळून पडलेला कागद सरळ व्हायला काही केल्या तयार नव्हता. भांडारवाले काका दारातच थांबले. गुंडाळी त्यांनीच शोधून दिली होती, पण जवळ यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

कागदावर चुंबकीय कुटीतल्या यंत्राने काढलेली रेघ होती. सव्वानऊ ते सव्वादहाचा भाग लाल पेन्सिलीने खोडलेला. शेजारी शेरा: ‘लोखंड. निरीक्षकाची चूक. ग्राह्य नाही.’

निरीक्षक म्हणजे हेच काका, आणि लाल पेन्सिल तिच्या मार्गदर्शकांची. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या त्या कुटीत पट्ट्याचं बक्कलसुद्धा नेता येत नसे. काका खिसे दारातच रिकामे करत, घड्याळ काढत, बूटही काढत. पण हा माणूस घराची किल्ली आठवड्याला एक हरवायचा, म्हणून बायकोने ती दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात अडकवली होती. त्या सकाळी ती शर्टाच्या आत राहिली. तेव्हापासून त्यांची बदली भांडारात झाली आणि नाव पडलं किल्लीदार.

तिचं दुखणं वेगळंच होतं. चुंबकत्व कधीकधी ठराविक ठेक्यात हेलकावे घेतं; त्याच वेळी शेकडो किलोमीटर उंचीवरचे इलेक्ट्रॉनही त्याच ठेक्यात दाट-विरळ होतात, असं तिला दाखवायचं होतं. उपग्रहांच्या संदेशांवरून ते इलेक्ट्रॉन मोजणारं यंत्र छतावर होतं. आजवर दोनदा मेळ बसला होता.

“दोनदा जुळलं तर लोक योगायोग म्हणतात,” मार्गदर्शक म्हणाले होते. “तिसरं आण, मग प्रबंध दे.”

मुदत महिनाअखेरची. तिसरं सापडलं ते बारा वर्षांपूर्वीच्या नेमक्या याच तासात. इलेक्ट्रॉन साडेपाच मिनिटांच्या ठेक्यात डुलत होते आणि चुंबकाच्या तक्त्यात कोरी जागा. जवळचं दुसरं केंद्र त्या आठवड्यात बंद होतं.

“काका, तुम्ही आत किती वाजता गेलात?”

“नऊ बेचाळीस.” त्यांना आठवावं लागलं नाही. “बाहेर नऊ सेहेचाळीस. कशाला उकरून काढतेस, बाळ? माझ्यापायी अख्खा तास वाया गेला. कबूल केलंय मी.”

तिने पट्टी ठेवली. नऊ बेचाळीसला रेघ पायरीसारखी वर चढली होती, सेहेचाळीसला खाली उतरली होती.

“ही तुमची किल्ली. आता इकडे बघा.”

“चष्मा नाहीये माझ्याकडे.”

“कपाळावर आहे.”

काकांनी चष्मा खाली ओढला आणि नाइलाजाने वाकले. पायऱ्यांच्या अलीकडे आणि पलीकडेही रेघ संथपणे वरखाली होत होती.

“हे नऊ वीसला सुरू झालंय. तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“नऊ वीसला? घरून निघत होतो. सायकल काढत होतो.”

“मग हे तुमच्या किल्लीचं कसं असेल?”

काका नखाने एकेक उंचवटा मोजत गेले. नऊ भरले.

“मी हा कागद कधी पाहिलाच नव्हता,” ते म्हणाले. “लाज वाटायची. आणि साहेबांना किल्ली हाती लागली होती, ते तरी पुढं कशाला बघतील?”

तिला त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःसाठी विलक्षण आनंद झाला. त्या आनंदाची तिला थोडी शरम वाटली.

“ती चार मिनिटं मी सरळ करून टाकते,” ती म्हणाली. “किल्लीचा उल्लेखच नको. परीक्षकांना आयता संशय कशाला द्यायचा?”

“छे! लपवाछपवी नाही. मोकळी जागा सोड आणि कारण लिही.” ते पुन्हा वाकले. “आणि चार नाही, पाच. बाहेर आल्यावर दम खायला मिनिटभर दाराला टेकलो होतो. किल्ली गळ्यातच होती.”

तिने भिंग लावलं. सेहेचाळीसनंतर मिनिटभर रेघ खरंच केसभर वर होती. तिच्या नजरेतून ते निसटलं होतं.

तिने पाच मिनिटं सोडून दिली आणि इलेक्ट्रॉनांचा आलेख पारदर्शक कागदावर उतरवून वर ठेवला. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही रेघा एकाच ठेक्यात चालत होत्या. कुठेही ताल चुकला नव्हता.

“तिसरं?” काकांनी विचारलं.

“तिसरं. पण सरांना सांगायचं कसं? खोडलंय त्यांनीच.”

काकांनी गुंडाळी वळली, काखेत मारली आणि जिन्याकडे निघाले. बारा वर्षांत ते वरच्या मजल्यावर, सरांच्या खोलीकडे, फिरकले नव्हते.

“आधी माझी पाच मिनिटं सांग,” पहिल्या पायरीवर ते म्हणाले. “उरलेली पंचावन्न त्यांची त्यांना दिसतील.”