एकशेवीस, घसरतंय

मास्तरांनी आयुष्यात हजारो माणसांना गाडी चालवायला शिकवली आणि एकाच माणसापुढे हात टेकले. तो माणूस म्हणजे त्यांची बायको. लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा त्यांनी तिला स्टीअरिंगवर बसवलं होतं. पहिला दिवस कसाबसा पार पडला. दुसऱ्या दिवशी चौकात मास्तर ओरडले, "ब्रेक! अगं ब्रेक! ब्रेक म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" तिने ब्रेक दाबला, गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सरळ चालत घरी आली.

"उभा जन्म बसने फिरेन, पण तुमच्या हाताखाली शिकणार नाही," असं ती त्या संध्याकाळी म्हणाली. ती बोलल्या शब्दाची पक्की. नंतर एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, तीही बसने जाऊन-येऊन. तिथे सगळे तिला हॅलोताई म्हणत. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या माणसाला नंबर दुसऱ्यांदा विचारावा लागत नसे.

मास्तरांना दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सोसाव्या लागत. त्यावर उतारा म्हणून ते घरी विमान चालवत. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर तिची मागची खोली त्यांनी ताब्यात घेतली. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीवर मोठा टीव्ही, उजव्या हाताला जॉयस्टिक, डाव्या हाताला इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल, आणि पायाशी फळीवर ठोकून बसवलेली दोन पेडलं. छोटी प्रवासी विमानं त्यांनी बरीच उडवली. पण त्यांचा जीव अडकला होता एका जेटमध्ये. लढाऊ वैमानिक ज्यावर शिकतात ते दोन आसनांचं विमान. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या त्या उडवायच्या खेळात, वेगळं विकत घेऊन घालायचं ते विमान कुणीतरी तयार करतंय असं कळल्यापासून दोन वर्षं ते वाट बघत होते. लेकीने ते वाढदिवसाला घेऊन दिलं, आणि त्याच महिन्यात मास्तरांचे डोळे गेले.

अगदीच गेले असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. "पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील. मधलं मात्र आता परत येणार नाही." म्हणजे दाराची चौकट दिसायची, पण दारात कोण उभंय ते कळायचं नाही. ताटाची कड दिसायची, ताटातलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरवली गेली. मास्तर तीन आठवडे सोफ्यावर बसून राहिले. रेडिओ चालू असायचा, पण ते ऐकत नसायचे.

मग एका सकाळी हॅलोताई स्वयंपाकघरात असताना मागच्या खोलीतून शिट्टीसारखा बारीक आवाज आला. तो वाढत वाढत गेला, मग घरघर, मग धाडकन काहीतरी, मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पाच-सहा धडाके झाल्यावर ती हात पुसत दारात जाऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"उतरवतोय."

"काय?"

"विमान. उडतं व्यवस्थित. क्षितिज कडेने दिसतं ना. उतरताना मात्र धावपट्टी बरोब्बर डोळ्यातल्या मधल्या डागाच्या मागे जाते."

"मग द्या सोडून."

मास्तर खुर्चीतच वळले. तिच्या कानाच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "काय काय सोडू? गाडी सोडली, पेपर सोडला, तुझं तोंड बघायचं सोडलं..."

"तोंड कुठे सुटलंय, ते चालूच आहे."

एरवी ते हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. "एकदा," ते म्हणाले. "एकदा हे विमान मी स्वतः, माझ्या हाताने उतरवणार. मग तुला हवं तर सगळं उचलून माळ्यावर टाक."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे काही मागितल्याचं तिला फारसं आठवत नव्हतं. आताही त्याने मागितलं नव्हतंच. ती स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला, आणि स्टूल घेऊन परत आली.

"वाचायचं काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. हा वेग, तो नॉटमध्ये मोजतात, ही उंची, ती फुटांत, हे तीन हिरवे दिवे म्हणजे चाकं खाली आली. ती वाचू लागली. "वेग एकशेऐंशी. उंची हजार. एकशेसत्तर. नऊशे." एक्स्चेंजमधला जुना आवाज आपोआप लागला. मास्तरांनी गोल फेरी सुरेख मारली, वळून धावपट्टीसमोर आले, आणि विमान अलीकडच्या शेतात घातलं.

चार दिवस हेच चाललं. कधी शेतात, कधी धावपट्टीच्या पलीकडे, एकदा तर विमानतळाच्या कँटीनवर.

"तू उशिरा सांगतेस," मास्तर म्हणाले.

"दिसलं की सांगते! दिसायच्या आधी कसं सांगू?"

"दिसलं तेव्हा वेळ गेलेली असते. गाडीत पाय दाबला की गाडी पळते. हे जेट इंजिन म्हणजे कचेरीतला साहेब आहे. आत्ता अर्ज दिला की पाच सेकंदांनी मान वर करणार."

तिने ओठ आवळले. विचार करायला लागली की ती तशीच बसायची. एक्स्चेंजमध्ये नवीन मुलींना ती सांगायची, तार कुठे जाते ते ठाऊक नसताना नुसता भोकात प्लग घालू नका. आणि इथे ती स्वतः तेच करत होती. आकडे वाचत होती, पण त्यातला कुठला चांगला, कुठला वाईट, कुठला जीव घेणारा, हे तिला कुठे कळत होतं?

"मला शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"उतरवायला. आधी मला उतरवता आलं पाहिजे. तोवर तुम्हाला काय सांगायचं ते मला कळणार नाही."

मास्तरांचा हात स्वतःच्या मांडीवर गेला. जुनी किल्ली त्यांनाही आठवली असावी. "मी शिकवू? तुला?"

"दुसरं कोण आहे? पण दोन अटी. ओरडायचं नाही. आणि माझ्या हाताला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीत आणि मास्तर स्टुलावर. सकाळी दहा ते बारा, दुपारी चार ते सहा. मास्तर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसत, कारण हातांचा त्यांना भरवसा नव्हता. पहिल्या दिवशी तिने विमान हवेत नेलं आणि परत जमीन कुठे आहे हेच तिला सापडेना. दुसऱ्या दिवशी समोर टेकडी आली. मास्तरांना टेकडी कडेने दिसली. त्यांच्या तोंडून "ब्रे..." एवढं निघालं आणि पुढचं त्यांनी असं गिळलं की ठसका लागला. तिने टेकडीला धडकून झाल्यावर उठून त्यांना पाणी आणून दिलं. मग ती पुन्हा खुर्चीत बसली.

दुपारी जेवणानंतर ती त्या विमानाची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायची. एकशेचाळीस पानं. अडलेला शब्द मास्तर सोपा करून सांगत. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हा माणूस शिकवतो चांगला. ओरडायचं तोंड बंद केल्यावर त्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप उरत होतं.

"आकड्यावर डोळे लावून बसू नकोस," ते म्हणायचे. "तो कुठे निघालाय ते बघ. एकशेतीस असेल आणि जागेवर असेल तर झकास. एकशेतीस असेल आणि घसरत असेल तर तू संकटात आहेस."

एकदा सगळं जमून आलं. वळण नेटकं, वेग नेमका, धावपट्टी समोर सरळ. ती श्वास रोखून खाली आली आणि विमान पोटावर घासत गेलं.

"चाकं?" मास्तरांनी विचारलं.

"कुठली चाकं?"

मास्तर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांनी घरात तो आवाज आला होता, म्हणून तिने रागवायचं टाळलं. पण दुसऱ्या दिवसापासून तीन हिरवे दिवे लागल्यावर ती "तीन हिरवे" असं भिंतींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणू लागली.

लेकीचा फोन आला तेव्हा तिला सगळं कळलं. आधी ती हसली, मग तिचा आवाज उतरला. "आई, बाबांना नाही गं जमायचं. उगाच आशा लावू नकोस. नंतर तूच सावरत बसशील."

"आशा त्यांची त्यांनीच लावून घेतलीय," हॅलोताई म्हणाली. "आणि सावरायचं म्हणशील, तर तीन आठवडे सोफ्यावर बसले होते तेव्हा मी काय करत होते? ठेवते आता. चार वाजले."

एकोणिसाव्या दिवशी ती उतरली. चाकं टेकताना चर्र झालं, मग धडधड, मग धडधड मंदावत गेली. मास्तरांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं.

"उतरलीस?"

"उतरले."

"पट्टीवर?"

"मधोमध," ती म्हणाली. या वयात आपल्या हातून असलं काही होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्तरांनी मांडीखालचा हात काढला, तिच्या पाठीवर ठेवायला निघाले, आणि अट आठवून मध्येच थांबले. तिनेच तो हात धरला.

पण ती एकदा उतरून समाधान मानणाऱ्यांतली नव्हती. पुढचा आठवडाभर तिने विमान पुनःपुन्हा उतरवलं, आणि प्रत्येक वेळी काय बघितलं, केव्हा बघितलं, हात केव्हा हलला, ते स्वतःशीच मोठ्याने बोलत गेली. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती खुर्चीतून उठली.

"बसा," ती म्हणाली.

पहिल्या वेळी मास्तर फार खाली आले. तिने सांगितलं, पण शब्द जरा लांबले. शेत. दुसऱ्या वेळी फार वर राहिले. "नाही जमत, परत वर!" ती म्हणाली, आणि मास्तरांनी क्षणाचाही विचार न करता थ्रॉटल पुढे रेटला. साहेबाने पाच सेकंदांनी मान वर केली आणि विमान धावपट्टीवरून भुर्रकन निघून गेलं. तिसऱ्या वेळी चाकं टेकली, विमान बेडकासारखं उडालं आणि पंखावर कलंडलं. मास्तरांचा चेहरा पडला.

"आज पुरे," ते म्हणाले.

"पुरे कशाला? आत्ता कुठे टेकलं. तुम्ही नाक फार लवकर सोडलंत. पुन्हा."

मास्तर पुन्हा निघाले. उड्डाण, वर, डावीकडे, सरळ. "तीन हिरवे," ती म्हणाली. शेवटचं वळण त्यांनी कडेच्या क्षितिजाच्या आधाराने घेतलं. आता समोर धावपट्टी होती, आणि त्यांच्यासाठी समोर एक राखाडी डाग होता.

"एकशेतीस, जागेवर. नाक डावीकडे चाललंय. उजवा पाय. बस. आता सरळ. चारशे फूट. छान येताय. एकशेवीस, घसरतंय, थोडं पुढे द्या. आत्ता द्या. हां. थांबलं. दोनशे. उजवा पाय जरासा. शंभर. पट्टी खाली आली. पन्नास. थ्रॉटल मागे. तीस. नाक वर, हलकं. धरा. धरून ठेवा. अहो धरा! सोडू नका! धरा म्हणते ना!"

ती केव्हा ओरडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

चर्र झालं. धडधड झाली. आणि मग धडधडीचा आवाज एकदम बदलला, मऊ झाला, आणि थांबला.

"काय झालं?" मास्तर कुजबुजले.

"उतरलात. पट्टीवरच उतरलात. मग गवतात गेलात."

"किती गवतात?"

"पुढचं चाक आणि एक मागचं."

"म्हणजे एक मागचं चाक पट्टीवर आहे."

"आहे."

"मग उतरलो असं धरायचं."

"अजिबात धरायचं नाही," ती म्हणाली. "अर्ध्याहून जास्त बाहेर आहे. शिकाऊ माणसाला तुम्ही असं पास केलं असतंत?"

मास्तरांनी विचार केला. प्रामाणिक माणूस. "नसतं केलं," ते म्हणाले, आणि फेरी पुन्हा सुरू करायचं बटण बोटांनी चाचपून शोधलं.

जेवण अडीचला झालं. तोवर आणखी चार फेऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या फेरीत विमान टेकलं, धावलं, आणि पट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेपासून हातभर अंतरावर उभं राहिलं. मास्तरांनी इंजिन बंद केलं, आणि ती शिट्टी बारीक होत होत विझेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्यांना त्या चष्म्याचा तसा काही उपयोग उरला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. "उतरवलं," म्हणाले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मास्तर मात्र थांबायला तयार नव्हते. वळण कसं घेतलं, गवत कसं आडवं आलं, आई कशी ओरडते, सगळं त्यांनी तिला अर्धा तास ऐकवलं. हॅलोताई शेजारीच बसून भाजी निवडत होती. मधेच ती म्हणाली, "आज वारा नव्हता म्हणावं. उद्या आडवा वारा लावणार आहोत." मास्तरांनी ते लेकीला जसंच्या तसं सांगितलं, आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून हळूच विचारलं, "किती नॉटचा?"

"दहा," ती म्हणाली. "सुरुवातीला दहा."