मातीवरची रेघ

एमेट ह्रुस्काने चेंडू हवेत उडवला आणि बॅटने जमिनीलगत सणसणीत मारला. तिसऱ्या बेसवरच्या पोराने तो कसाबसा अडवला. वेंडेलने न बघताच पुढचा चेंडू एमेटच्या हातात ठेवला.

"त्याचे गुडघे बघ," वेंडेल म्हणाला. "चर्चमध्ये आल्यासारखा वाकतोय."

"वाकू दे. आज कुणीतरी प्रार्थना करायलाच हवी."

तेवीस वर्षं दोघांचा सराव असाच चालत आला होता. एमेट कॉलेजचा बेसबॉल कोच, वेंडेल टोलेफसन त्याचा मदतनीस. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने चेंडू द्यायचा.

ऑफिसचे बूट घालून गवतातून ब्रँडवोल्डबाई आल्या. कॉलेजच्या खेळ विभागाच्या त्या प्रमुख. त्यांनी एमेटला कुंपणापाशी बाजूला घेतलं.

"कोच, तुम्ही निवृत्त झालात की तुमच्या जागी बाहेरचा माणूस आणावा असं कमिटीला वाटतंय."

"वेंडेल आहे की."

"आहे. पण तुमच्यासोबत आहे. एकट्याने एकही सामना चालवलेला नाही. हा माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो का, असं विचारतात मला. काय सांगू?"

एमेटने टोपी काढली आणि पुन्हा घातली. बाई खोटं बोलत नव्हत्या. एकतीस वर्षांत त्याने एकही सामना चुकवला नव्हता. मूतखड्याच्या कळा सोसत तो मैदानात उभा राहिला होता. धाकट्या मुलीच्या लग्नातून केक कापायच्या आधी पळून आला होता, आणि त्याची बायको लिओना अजून त्यावरून टोमणे मारायची. त्या हजेरीचा त्याला अभिमान होता. आज मात्र वाटलं, आपण दारातच उभे राहिलो आणि मागच्याला बाहेर पडायला वाटच दिली नाही.

"कधी ठरणार?"

"सोमवारी."

तो शनिवार होता. त्या दिवशी पाठोपाठ दोन सामने होते, आणि मग मोसम संपत होता. एमेटची नोकरीही.

पहिला सामना सुरू झाला. एमेट नेहमीप्रमाणे तिसऱ्या बेसजवळ उभा राहिला. धावणाऱ्याला धाव पुरी करायला होमकडे सोडायचं की अडवायचं, हे तिथला कोच हाताने सांगतो. वेंडेल पहिल्या बेसजवळ होता. तिसऱ्या डावात, आधीच दोनदा हुकलेल्या एमेटच्या बॅटरने मधोमध आलेला तिसरा चेंडू नुसता सोडून दिला, आणि अंपायरने त्याला बाद दिलं. निर्णय अगदी बरोबर होता. एमेट तरातरा बॅटरसमोरच्या पांढऱ्या पाटीपाशी, होम प्लेटपाशी गेला.

"ऑर्व्हल, चेंडू बाहेरून गेला!"

अंपायर ऑर्व्हल डिट्झ एरवी गाई पाळायचा. त्याने तोंडावरची जाळी वर केली. "एमेट, इतका मधून गेला की लोणी लावून खाता आला असता."

"तू आंधळा आहेस!"

"चष्मा नवा आहे. लिओना कशी आहे?"

"बरी आहे. तू... तू चोर आहेस!"

शब्द बाहेर पडला, पण त्यात दम नव्हता. शिव्यांची एमेटला सवयच नव्हती. त्याने पायाने प्लेटवर माती उडवली. ऑर्व्हलने खिशातून छोटा ब्रश काढला आणि कण्हत वाकून प्लेट साफ केली.

"पाठ धरते रे माझी. पुन्हा नको असं करूस."

बेसबॉलमध्ये अंपायरशी भांडता येतं, टोपी आपटता येते, नाकाला नाक लावून ओरडता येतं. पण चेंडू कुठून गेला ते दाखवायला मातीत रेघ ओढायची नाही. ती ओढली की माणूस मैदानाबाहेर, मग तो कुणीही असो. दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी एमेट हेच शिकवायचा.

त्याने बॅटरच्या हातातून बॅट घेतली, आणि प्लेटच्या बाजूला नांगराच्या तासासारखी लांब, सरळ रेघ ओढली.

ऑर्व्हलचा चेहरा उतरला. "एमेट, पायाने पुसून टाक. मी पाहिलं नाही."

"पाहा."

ऑर्व्हलने हात वर केला आणि नाइलाजाने बाहेरची वाट दाखवली. एमेटने वळून पहिल्या बेसकडे पाहिलं.

"वेंडेल! सामना तुझा."

हाकललेल्या कोचने मैदानातून दिसेल असं थांबायचं नाही, निरोप धाडायचा नाही. एमेट अवजारांच्या शेडमागे गवत कापायच्या यंत्रावर जाऊन बसला. इथून फक्त आवाज येत होते. बॅटचा, लोकांचा, मधूनच वाऱ्याचा. थोड्या वेळाने लिओना आली. मैदानावरचं आपलं खाण्याचं दुकान शेजारणीवर सोपवून तिने त्याच्यासाठी कोलाच, जर्दाळू भरलेला गोड पाव, आणला होता.

"ऑर्व्हलला चोर म्हणालास?"

"म्हणालो."

"आपल्या घराचं छप्पर घालायला आला होता तो."

"माहीत आहे गं."

"पोट दुखतंय म्हणायचं होतंस आणि बसायचं होतंस बाकावर."

"मग वेंडेल दर दोन मिनिटांनी विचारायला आला असता." एमेटने कोलाचचा तुकडा मोडला. "आणि मी सांगितलं असतं."

 लिओना एप्रनला पीठ लागलं असतानाही त्याला खेटून यंत्रावर बसली.

सहाव्या डावात बॅटचे आवाज बदलले. चेंडू टाकणाऱ्या आपल्या पिचरचा हात थकलाय हे एमेटला न बघता कळलं. त्याचं अंग पुढे झालं.

"लिओना, जरा जा आणि वेंडेलला सांग की—"

"काय सांगू?"

एमेट पुन्हा मागे सरकला. "काही नाही."

"गेलेच नसते मी," ती म्हणाली.

सामना संपल्यावर ओरडा झाला, पण तो पाहुण्यांच्या बाजूने. वेंडेल शेडमागे आला तेव्हा त्याची मान लाल झाली होती.

"हरलो. एका धावेने. शेवटी मी गसला होमकडे सोडलं आणि तो बाद झाला."

"गसला? तो तर मक्याने भरलेली गाडी आहे."

"तू अडवला असतास."

"अडवला असता."

"पुन्हा तसंच आलं तरी मी सोडीन," वेंडेल म्हणाला. "अडवून काय मिळणार होतं? मागे बॅटवर किती कच्चं पोर होतं ते तुला ठाऊक आहे. पण ते जाऊ दे. तुझं डोकं फिरलंय का? चेंडू मधून गेला होता! शेवटच्या दिवशी रेघ ओढतोस लेका?"

एमेट उत्तर देणार तोच शेडच्या कोपऱ्यावर ब्रँडवोल्डबाई दिसल्या. त्यांच्या बुटांना माती लागली होती.

"कोच, रेघ ओढली की हाकलतात, हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"विसरलो, बाई. वय झालं."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लिओनाकडे. लिओना बोटांवरचा जर्दाळूचा पाक पुसण्यात गुंतली होती.

"मग कमिटीला तेच सांगते," त्या म्हणाल्या. "जुने कोच विसरायला लागलेत. बरं झालं, वेळेला दुसरं कुणी होतं, आणि त्याने स्वतःच्या डोक्याने सामना घालवला." जाता जाता त्या वेंडेलकडे वळल्या. "सोमवारी सकाळी या, मिस्टर टोलेफसन. टाय लावून."

वेंडेल त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग हळूच त्याने एमेटकडे पाहिलं. एमेट यंत्राच्या चाकातलं गवत काढत होता.

"एमेट."

"चल. पोरं खोळंबली असतील."

दुसऱ्या सामन्याला एमेटला मैदानात येण्याची मोकळीक होती. तो बाकावर पोरांमध्ये बसला. वेंडेल सवयीने पहिल्या बेसकडे निघाला.

"तिकडे कुठे?"

"मग?"

एमेटने हनुवटीने तिसऱ्या बेसकडे दाखवलं. वेंडेल क्षणभर घुटमळला आणि गेला.

चौथ्या डावात चेंडू उजव्या मैदानात खोल गेला. दुसऱ्या बेसवरचं पोरगं सुटलं आणि तिसऱ्या बेसला वळसा घालू लागलं. चेंडू परत यायला निघाला होता. एमेटचा उजवा हात आपोआप वर गेला, पंजा उघडा, थांब म्हणणारा. तिकडे वेंडेलचा हात पवनचक्कीसारखा फिरत होता.

शेजारच्या पोराने एमेटच्या हाताकडे पाहिलं. एमेटने तो खाली घेतला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसला. मग दुसराही.