वहिनींचा कान

रेकॉर्ड छापण्याच्या आमच्या कारखान्यात मालकांच्या शब्दापेक्षा वहिनींच्या कानाला भाव जास्त. वहिनी म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाची बायको. नव्या रेकॉर्डची चाचणीची प्रत निघाली की बिनखिडकीच्या खोलीत बसून ती ऐकायची आणि खोट सांगायची, हे त्यांचं काम. थोरले भाऊ कशातच मत देत नसत. त्यामुळे त्यांचं सगळ्यांशी उत्तम जमे.

वहिनींना त्या खोलीचा वीट आला होता. धाकट्या बहिणीनं तिच्या गावच्या शाळेत गाणं शिकवायची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, पण सुट्टी संपेपर्यंतच.

"भाऊजी, आता मला मोकळं करा."

"एवढी इंग्रजांची रेकॉर्ड होऊ द्या वहिनी, मग खुशाल जा."

मालकांचं 'एवढं' आम्ही ओळखून होतो. एक संपलं की दुसरं तयार.

इंग्रजांची रेकॉर्ड म्हणजे साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश रॉक बँडचा गाजलेला अल्बम. गिटारी उलट्या वाजवलेल्या, आवाज पाण्याखालून आल्यासारखे; न पिता चढावी असं संगीत. त्याची नवी आवृत्ती आम्ही छापत होतो. शेवटी बँडनं खोडी करून ठेवलेली: अखेरची खाच गोल फिरून स्वतःलाच मिळते आणि सुई उचलेपर्यंत एक माणूस हसत राहतो. चाहते त्या हसण्यावर जीव टाकतात. हे आमच्या झाडूवाल्यालाही ठाऊक.

वहिनी ऐकून बाहेर आल्या. "शेवटी सुई अडकते. खोट आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. असं बोलणाऱ्या नवख्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. वहिनींचा हिशेबही तोच होता.

मालकांनी मान वर केली नाही. "वहिनी म्हणतात ना? मग खोट. छापायची मास्टर तबकडी नव्यानं कापा."

नवी प्रत पोचली आणि काम देणाऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन आला. "हसणं कुठे गेलं?"

"आमच्या वहिनींना खटकलं, म्हणजे तुमचं मूळच सदोष!" मालक ओरडले.

काम हातचं जाणार असं दिसल्यावर वहिनींना राहवलं नाही. "भाऊजी, मी मुद्दाम खोटं बोलले. मला जायचं होतं."

मालकांनी हात जोडले. "माझी चूक अंगावर घेताय वहिनी! असं माणूस शोधून मिळायचं नाही." मग डोळे पुसत म्हणाले, "हसणं परत घालू. पण ते नीट बसलंय का, हे मी दुसऱ्या कोणाच्या कानावर सोडणार नाही."

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी वहिनी आत ऐकत बसल्या होत्या. उपकाराची फेड म्हणून मालकांनी त्यांच्या खोलीचं दार चौकटीसकट रंगवायला रंगारी लावला.

"वहिनी, रंग ओला आहे, दार उघडू नका हं," तो बाहेरून म्हणाला.

"वाळायला किती वेळ?"

रंगाऱ्यानं बोळात इकडे-तिकडे पाहिलं. "इथं वाराच नाही हो. काय सांगायचं?"